पहिल्या वर्षाच्या पोरांना एकटे सोडू नका!

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या माळावर जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक प्रयोगशाळा उभी राहत आहे. लायगो-इंडिया हे तिचे नाव. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन नळ्या, त्यातून धावणारा लेसरचा किरण आणि त्या किरणाच्या आधाराने अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींची नोंद, असे हे काम आहे. अमेरिकेतील अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. त्या शोधाच्या निबंधावर एक नाही, दोन नाही, हजारावर शास्त्रज्ञांची नावे आहेत.

जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण आंबेडकरी माणसाने अभिमानाबरोबर एक प्रश्नही विचारला पाहिजे. या प्रयोगशाळेच्या आसपासच्या गावांतली आमची पोरे तिच्या कोणत्या दाराने आत जाणार आहेत? फाटकावर काठी घेऊन उभे राहायला? झाडू मारायला? जेवणाचे डबे पोचवायला? की भौतिकशास्त्राची आणि गणिताची पदवी हातात घेऊन? कोणतेही कष्टाचे काम हलके नाही. परंतु सगळी हलकी मानलेली कामे आमच्या वाट्याला आणि सगळी ज्ञानाची कामे दुसऱ्यांच्या वाट्याला, ही वाटणी जुनीच आहे आणि ती मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी हयात घालवली.

ही वाटणी कुठे ठरते? ती नोकरीच्या मुलाखतीत ठरत नाही. स्पर्धा परीक्षेच्या हॉलमध्येही ठरत नाही. पुष्कळ वेळा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी, पहिल्या सहा महिन्यांत, कोणाच्या लक्षातही न येता ठरून जाते.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील एखादे खेडे. आई-बाप सोयाबीनच्या, हळदीच्या रानात रोजाने जाणारे. दसरा सरला की ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर निघणारे. पोरगा किंवा पोरगी घराण्यातली पहिली बारावी पास. जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी.ला नाव घातले. पहाटे उठून एसटी धरायची, फळ्यावर इंग्रजीतून गणित उतरवून घ्यायचे, काही कळले नाही तरी वहीत लिहायचे. विचारायची हिंमत नाही, कारण आपल्यालाच कळलेले नाही अशी समजूत. शेजारच्या बाकावरच्यालाही कळलेले नसते, पण तोही गप्पच असतो! संध्याकाळी पुन्हा एसटी. गावात पोचेपर्यंत अंधार. सोयाबीनची काढणी आली की आठ-पंधरा दिवस कॉलेज बुडते. परीक्षा येते. दोन विषय राहतात. मग घरात चर्चा सुरू होते, की एवढा पैसा घालून उपयोग काय? पोरगा पुण्याच्या कंपनीत रोजंदारीला जातो. पोरीचे लग्न ठरते.

हे पोर मठ्ठ होते काय? आळशी होते काय? मुळीच नाही. ते फक्त एकटे होते.

बर्कलेचा धडा

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत १९७०च्या दशकात हाच प्रश्न पडला होता. पहिल्या वर्षाच्या गणितात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत. प्राध्यापकांना कारणे विचारली तर उत्तरे तयार होती. त्यांना ओढ नाही, त्यांचा पाया कच्चा आहे, घरची परिस्थिती तशी आहे. आपल्याकडच्या प्राध्यापकांच्या खोलीत बसून ऐकावे तशीच ही वाक्ये!

युरी ट्राइझमन नावाच्या गणिताच्या एका तरुण संशोधकाने ही उत्तरे तशीच मान्य केली नाहीत. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात ते त्यांच्याबरोबर राहून पाहिले. तयार उत्तरे एकेक करून खोटी ठरली. कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती, वेळेवर वर्गात जात होती, सांगितलेला गृहपाठ करत होती. फरक एकच होता. ती अभ्यास एकटी करत होती. चिनी विद्यार्थी आधी स्वतः अभ्यास करत आणि मग एकत्र जमत. एकमेकांची उदाहरणे तपासत, चुका दाखवत, जेवताना सुद्धा गणितावर बोलत. आपण वर्गात नेमके कुठे उभे आहोत हे त्यांना ठाऊक असे. एकट्या मुलाला ते परीक्षेचा निकाल लागल्यावरच कळे, आणि तोवर उशीर झालेला असे.

ट्राइझमनने मग कार्यशाळा सुरू केल्या. तिथे विद्यार्थी छोट्या गटात बसून अवघड उदाहरणे सोडवत. विशेष म्हणजे त्याने याला कच्च्या मुलांचा वर्ग असे नाव दिले नाही. हुशारांनी करावे असे काम म्हणून त्याने ते पुढे ठेवले. कार्यशाळेत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल पार बदलून गेले.

त्याच सुमारास, १९७३ मध्ये, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डीना मार्टिन या बाईंनी दुसरी एक पद्धत बसवली. त्यांनी सांगितले की कच्चे विद्यार्थी शोधू नका, अवघड विषय शोधा. ज्या विषयात जास्त पोरे अडकतात त्या विषयाचा गट करा आणि तो सर्वांना खुला ठेवा. गटाचा म्होरक्या कोण? तर तोच विषय आधी चांगला पास झालेला विद्यार्थी. तो प्राध्यापक नाही, शिकवणीवालाही नाही. तो पुन्हा त्या वर्गात जाऊन बसतो आणि मग गटाला प्रश्न विचारत विचारत पुढे नेतो. ही पद्धत पुढे जगभरच्या अनेक विद्यापीठांनी घेतली.

आमच्याकडे काय झाले? विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्गांना पैसा दिला. हेतू चांगला होता. पण ज्या वर्गाच्या दारावरच कोणाची जात कोणती हे लिहिल्यासारखे होते, त्या वर्गात स्वाभिमानी पोर कसे जाईल? मदत देण्याची पद्धत अशी असली पाहिजे की घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही.

नागसेनवनाची आठवण

आपल्याला हे अमेरिकेकडूनच शिकायचे आहे असे मात्र नाही. बाबासाहेबांनी केलेल्या कामाकडे नीट पाहिले तर हे सूत्र तिथेच सापडते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात वसतिगृह काढले. शाळेआधी वसतिगृह का? कारण नाव शाळेत घातले तरी पोर रात्री कोणाबरोबर बसून दिवा लावणार, हा प्रश्न बाबासाहेबांना दिसत होता. शाळा दिवसाचे सहा तास पाहते. उरलेले अठरा तास कोणाचे?

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. निजामाचे राज्य जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पत्र्याच्या पेट्या घेऊन आलेली पोरे नागसेनवनात उतरली. तिथल्या वसतिगृहांनी जे घडवले ते वर्गात जेवढे घडले त्याहून कमी नव्हते. वरच्या वर्गातला खालच्याला पुस्तक देई, अर्ज भरून देई, भाषण करायला उभे करी. या परिसराने मराठवाड्याला शिक्षक, वकील, लेखक, अधिकारी दिले. दलित साहित्याची चळवळ आणि गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ याच वातावरणात वाढले. नामांतराच्या लढ्याला माणसे मिळाली तीही याच मातीतून. २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षे जो लढा चालला, तो एका नावासाठी चालला हे खरे. पण ज्या माणसांना विद्यापीठ आपले वाटत होते, त्यांनीच तो चालवला हेही तेवढेच खरे. हिंगोलीची महाविद्यालये आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. ते १९९४ सालीच सप्टेंबरात स्थापन झाले.

आता प्रश्न असा आहे की नागसेनवन विरळ का झाले? एक कारण चांगले आहे. कॉलेजे जवळ आली. हिंगोली, वसमत, औंढा, सेनगाव, कळमनुरी, प्रत्येक तालुक्याला महाविद्यालय झाले. मुलींना तर याचा मोठाच फायदा झाला. पण कॉलेज जवळ आले आणि वसतिगृह सुटले. पोर रोज एसटीने जाऊन येऊन शिकू लागले आणि रात्रीची ती सोबत गेली. सन २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांवर होती आणि त्यातले शंभरातले जेमतेम पंधरा लोक शहरात राहत होते. म्हणजे आमचा विद्यार्थी मुख्यतः गावातूनच येणार आणि गावातच परतणार. तेव्हा नागसेनवनातली ती सोबत आता गावातच उभी करावी लागेल. आणि त्यासाठी जागा आपल्याकडे आहे. ती जागा म्हणजे बुद्धविहार!

वर्षावास आणि पहिले सत्र

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत आपल्या विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बायामाणसे दिवसभराचे रोजगार आटोपून, हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून येऊन बसतात. ही परंपरा आपल्या समाजाने स्वतःच्या बळावर उभी केली. तिला ना सरकारी अनुदान आहे, ना कोणाची परवानगी लागते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे पहिले सत्रही बहुतांशी याच तीन महिन्यांत चालते. हा योग आपण वापरायचा नाही तर कोणी वापरायचा? ग्रंथवाचनाआधी किंवा नंतर, आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास पहिल्या वर्षाची पोरे विहारात बसली तर काय बिघडेल? उलट धम्माला ते धरूनच होईल. सर्वांना ठाऊक असलेली कथा आहे. कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे धम्मजीवन, असे आनंदाला वाटले. तथागतांनी त्याला दुरुस्त केले, अर्धे नव्हे, सगळेच. ज्याने तो विषय काल पार केला आणि आज मागच्याला हात देतो, त्या द्वितीय-तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला कल्याणमित्र याहून चांगले नाव कोणते?

जयंतीच्या निमित्ताने आपण सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करतो. विद्यापीठांत, महाविद्यालयांत, ग्रंथालयांत पोरे रात्रभर बसतात. स्तुत्य आहे. पण तो एका दिवसाचा उपक्रम आहे. हिशेब करून पाहा. आठवड्याला तीन तास धरले तर सहा आठवड्यांत अठरा तास होतात, आणि वर्षावासात दोनदा अठरा तास! एका रात्रीच्या अठरा तासांनी बाबासाहेबांना अभिवादन होते. आठवड्याच्या तीन तासांनी पोर पास होते. दोन्ही करा, पण दुसरे विसरू नका.

गट कसा चालावा?

काम साधे आहे, म्हणूनच ते काटेकोर केले पाहिजे. गट सहा ते आठ जणांचा असावा. गावात तेवढी पोरे नसतील तर शेजारची तीन गावे मिळून गट करावा. विषय ठरवून घ्यावा. बी.एस्सी.ला गणित किंवा भौतिकशास्त्र, बी.कॉम.ला हिशेबशास्त्र, बी.ए.ला इंग्रजीचा पेपर. जिथे पोरे अडकतात तोच विषय.

कल्याणमित्राने व्याख्यान देऊ नये. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. आमच्या समाजात वक्ते भरपूर झाले आहेत! त्याने खडू दुसऱ्याच्या हातात द्यावा. एकाने उदाहरण फळ्यावर सोडवावे, बाकीच्यांनी अडवावे, हे कसे आले म्हणून विचारावे. ज्याला समजावून सांगता येते त्याला समजलेले असते. चुकल्यावर कोणी हसायचे नाही. जो गट चुकणाऱ्याला हसतो तो आठ दिवसांत मोडतो. आणि कल्याणमित्राला स्वतःला आले नाही तर त्याने तसे सांगावे, सर्वांनी मिळून प्रश्न लिहून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारावा. एकट्याने विचारायला लाज वाटते. सहा जणांचा प्रश्न म्हणून विचारायला वाटत नाही.

मुलींचा विचार आधी करावा. वेळ त्यांना सोयीची असावी, शक्य तिथे कल्याणमित्र मुलगीच असावी. विहारात ग्रंथवाचनाला आया-बहिणी बसलेल्या असतात, त्यामुळे घरचे नको म्हणणार नाहीत. सोयाबीन काढणीत जे पोर आठ दिवस रानात गेले, त्याच्या वाट्याची टिपणे दुसऱ्याने लिहून ठेवावी. हा गटाचा खरा उपयोग आहे.

शेवटची दहा मिनिटे कागदपत्रांना द्यावीत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच्या काळातली ती आहे. तिच्यावर आमच्या पिढ्या शिकल्या. पण आता अर्ज महाडीबीटीवर भरायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, आधार बँक खात्याला जोडलेले हवे, जात पडताळणीचे पाहायचे. यातले एक चुकले की पैसे अडकतात. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी किती जणांना माहीत असतात? त्यात नवीन शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर आणि श्रेयांकांचा गुंता वाढवला. हा गुंता प्राध्यापकापेक्षा गेल्या वर्षी त्यातून गेलेले पोर जास्त चांगले सोडवते.

खर्च किती? एक फळा, खडूचा डबा, दोन सतरंज्या, दिव्याचे बिल आणि पुस्तकांचा एक संच. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेला एका रात्रीत जेवढे जातात त्याच्या हिश्श्यात वर्षभराचे काम भागेल. जयंती मंडळांनी वर्गणीच्या पावतीवरच अभ्यास गटाचा वाटा छापून टाकावा.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, हे सरकारचे आणि कॉलेजचे काम आहे, ते आपण का करायचे? बरोबर आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर महाविद्यालये चालवायची आणि निकाल कमी लागला की पोरांना दोष द्यायचा, हा अन्याय आहे. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण लढाई लागेल तोवर या वर्षीचे पोर थांबू शकत नाही. शिवाय संघटित गटच मागणी करू शकतो. नव्या अभ्यासक्रमात समाजाशी संबंधित कामाला श्रेयांक आहेत. वस्तीत गट चालवणाऱ्या विद्यार्थ्याला ते मिळावेत, कमवा व शिका योजनेतून त्याला चार पैसे मिळावेत, अशी मागणी हिंगोलीच्या विद्यार्थ्यांनी नांदेडच्या विद्यापीठाकडे करायला काय हरकत आहे?

दुसरा म्हणेल, गट फक्त आपल्याच पोरांचा असावा. इथे थोडे कडू बोलावे लागेल. मातंग, चर्मकार समाजाचे पोर विहाराची पायरी चढायला कचरत असेल तर चूक त्याची एकट्याची नाही. कळमनुरी-औंढ्याच्या भागातले आंध आदिवासी, तांड्यावरचे बंजारा, हटकर, मुसलमान, यांचीही पोरे त्याच एसटीत उभी राहून येतात आणि त्याच विषयात नापास होतात. विहाराचे दार अभ्यासाला सर्वांसाठी उघडे ठेवा. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी असे नाव ठेवले, एका जातीचे नाव दिले नाही, ते उगाच नव्हे.

तिसरा म्हणेल, एवढ्याने काय होणार? त्याने २००७ चा थोरात समितीचा अहवाल आठवावा. दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेत राखीव जागेवर गेलेली आमची मुले वसतिगृहात वेगळी पडतात, त्यांना शिक्षकांचे सहकार्य मिळत नाही, असे त्या समितीने नोंदवले. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली. एकटे पाडणे हे जातीचे जुने हत्यार आहे. पूर्वी ते गावकुसाबाहेर काढून वापरत, आता वर्गात बसवून वापरतात. ज्या पोराने पहिल्याच वर्षी चौघांत बसून शिकायची सवय लावली, ते पोर पुढे कुठेही गेले तरी आधी आपला गट शोधते. आयआयटी मद्रासमध्ये २०१४ साली मुलांनी आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कल काढले, पुढच्या वर्षी प्रशासनाने त्याची मान्यता काढली आणि देशभरातून आवाज उठल्यावर काही दिवसांतच ती परत द्यावी लागली. अभ्यास मंडळाची एवढी भीती का वाटावी? कारण एकट्याच्या हातातले पुस्तक आणि गटाच्या हातातले पुस्तक यांतला फरक त्यांना आपल्याहून चांगला कळतो.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतीभिंतीवर लिहिले. पण त्याचे तुकडे केले. शिकणे घरोघरचे झाले, ज्याचे त्याने पाहावे. संघटित होणे मोर्चापुरते राहिले. शिकलेला एकटा निघून गेला आणि न शिकलेला मोर्चात एकटा राहिला. संघटित होऊन शिकणे, हा त्या तिन्ही शब्दांना जोडणारा धागा मधल्या मधे तुटला. तो जोडायला मोठा नेता लागत नाही, आमदार लागत नाही. एक फळा आणि गेल्या वर्षी पास झालेले एक पोर लागते.

दुधाळ्याच्या माळावर आकाशातून येणारी लहर टिपायला हजारो डोकी एकत्र काम करणार आहेत. आमच्या वस्तीतली सहा डोकी एका फळ्यापुढे एकत्र येऊ शकत नाहीत काय? येत्या आषाढी पौर्णिमेला विहारात ग्रंथ उघडाल, तेव्हा त्याच दिव्याखाली पहिल्या वर्षाच्या गणिताचे पुस्तकही उघडा.

जयभीम!